आधी संमती, मग कुदळ

अमरकोशाच्या भूमिवर्गात 'अनूप' असा एक शब्द आला आहे. जिथे पाण्याचेच प्राबल्य, ती भूमी अनूप. आयुर्वेदानेही देशाचे जांगल, अनूप आणि साधारण असे तीन प्रकार मानले. पूर्वजांनी दलदलीला असे स्वतंत्र नाव दिले होते. आज आपण तिला पाणथळ म्हणतो खरे, पण मनात मात्र 'पडीक'च म्हणतो. आणि एकदा पडीक म्हटलं की तिथे भर टाकायला, नांगर घालायला कुणाची आडकाठी राहात नाही. म्हणून सुकलेले ओढे आणि मेलेली तळी पुन्हा जिवंत करावयाची तर कामाला आरंभ कोठून करावा, एवढाच विचार या पाठात करू.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, तिसऱ्या अधिकरणात, याविषयी मोठी मार्मिक योजना आहे. जो नवे तळे किंवा बंधारा बांधील त्याला पाच वर्षे करमाफी. मोडून पडलेले दुरुस्त करील त्याला चार वर्षे. तणाने भरलेले साफ करील त्याला तीन वर्षे. आणि ज्याने पाच वर्षे आपले तळे न वापरता टाकून दिले, त्याचे, आपत्काल वगळून, त्यावरील स्वामित्व जाते. पाहा, तण उपटण्यालाही इथे किंमत आहे. आणि करणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडलेच पाहिजे, हे शास्त्रकाराने ओळखले आहे. नुसत्या उपदेशावर तळे टिकत नाही, बरं का.

याचा दाखला झाडीपट्टीत मिळतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत जुने मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. गोंड राजांच्या अमदानीत कोहळी समाजातल्या जाणत्या लोकांनी पाण्याचा उतार पाहून मातीच्या पाळी घातल्या, खाली धानाच्या बांधी पिकवल्या. मालगुजार तळ्याचा धनी, आणि पाळीची डागडुजी गावाच्या श्रमावर. 1951 साली मालगुजारी गेली व तलाव सरकारकडे आले. मालगुजारी गेली हे ठीकच झाले. पण तिच्याबरोबर पाळीवर माती टाकण्याची रीतही गेली. तळे सर्वांचे झाले, म्हणजे कुणाचेच राहिले नाही. गाळ साचला, काठ नांगरले गेले, आणि दक्षिण अमेरिकेतून आलेली बेशरम नावाची वनस्पती पाण्यात माजली. गुरे ती खात नाहीत, आणि तिच्या दाटीत पाण्यातली देशी वनस्पती उरत नाही. ती गेली की माशाला अंडी घालायला आडोसा नाही, पाखरांना चारा नाही.

याच गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगावच्या बाजूला, ढिवर समाजाच्या लोकांनी, विशेषतः बायांनी, काही तळी हाताने सावरली आहेत. रीत साधी. उन्हाळ्यात काठ उघडा पडला की बेशरम मुळासकट काढायची. तिची कांडी ओल्या मातीत पडली तर पुन्हा फुटते, म्हणून ती पाण्यापासून लांब नेऊन वाळवायची. मग तळाची माती मोकळी करायची, आणि पाणी आले की दुसऱ्या चांगल्या तळ्यातली देशी रोपे आणून लावायची. कुठली रोपे माशाला हवीत, हे त्यांना पिढीजात ठाऊक असते.

आता शंका अशी, की यंत्र आणून एका आठवड्यात तळे खोल का करू नये? समाधान असे. पाणथळीचा जीव तिच्या उथळ काठात असतो. वनस्पती तिथेच उगवते, पाखरू तिथेच चरते, गुरे तिथूनच पाण्याला उतरतात. काठ कड्यासारखा उभा कापला तर हे सारे गेले. शिवाय तळाची चिकणमाती फोडून खाली मुरुमाला हात घातला तर पाणी झिरपून जाते. म्हणून वरचा गाळ तेवढा काढावा आणि शेतकऱ्याच्या शेतात टाकावा. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजना 2017 साली निघाली, ती याच विचाराची.

दुसरी शंका याहून अवघड. नाल्याचे पात्र आणि वाहते पाणी 1966 च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे सरकारचे; मग काठच्या शेतकऱ्याची परवानगी कशाला? आम्ही विचारतो, पात्रापर्यंत जाणार कुठून? वाट त्याच्या बांधावरून. झाड लावले तर सावली त्याच्या पिकावर. आणि श्रमदानाची मंडळी संध्याकाळी फोटो काढून घरी गेली, की रोपाला राखणारा किंवा उपटणारा तोच. त्याला परका करून केलेले काम पहिल्या नांगरटीत संपते.

म्हणून स्वयंसेवकांनी आधी त्याच्या ओसरीवर बसावे. काठाची दोन-चार हात पट्टी तू नांगरू नकोस, असे म्हणताना त्याचे किती पीक बुडते ते त्याच्याच तोंडून ऐकावे. त्या पट्टीतले गवत त्याचे, करंज-जांभळाचे उत्पन्न त्याचे, हे चारचौघांत कबूल करावे. हद्दीचा वाद असेल तर मोजणी झाल्यावरच कुदळ लावावी. तळ्याखालच्या शेतकऱ्याला आश्विनात धानासाठी शेवटचे पाणी हवे असते, आणि ढिवराला उन्हाळ्यात मासा जगण्यापुरते उरायला हवे असते. दोघांचे म्हणणे खरे आहे. तेव्हा दोघांना एका पाळीवर बसवून, पाणी कुठवर उतरू द्यायचे त्याची खूण दगडावर करावी. ही खूण ज्या गावात ठरली नाही तिथे शंभर माणसांचे श्रमदानही वाया जाते.

2017 च्या पाणथळविषयक केंद्रीय नियमांतून सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळले आहेत. म्हणजे या तळ्यांना त्या नियमांचे कवच नाही. कवच आहे ते गावाच्या शब्दाचेच. हा शब्द एका दिवसात मिळत नाही. पहिल्या वर्षी विचारावे, दुसऱ्या वर्षी थोडे करावे, तिसऱ्या वर्षी फुटलेली बेशरम काढायला तीच माणसे पुन्हा यावीत. पुन्हा आलेल्या माणसावर शेतकरी विश्वास ठेवतो. तेव्हा आपल्या गावाच्या ओढ्यावर जाण्याचे मनात असेल, तर येत्या रविवारी कुदळ घरी ठेवा, आणि काठावर कुणाकुणाची शेते आहेत त्यांची नावे लिहून काढा. अभ्यासाची पहिली पायरी तीच.