उजेड देणारा पत्रा

जुन्या घरांतले स्वयंपाकघर अंधारे असे. उजेड यावा म्हणून कौलांमध्ये एखादे काचेचे कौल बसवीत. माकडाने उडी मारली की ते फुटे. आता त्या कामाला एक निराळा पत्रा मिळतो. त्याचे नाव पॉलिकार्बोनेट. नाव अवघड आहे खरे. पॉ-लि-कार-बो-नेट असे तोडून वाचा, म्हणजे जमेल.

हे एक प्रकारचे प्लॅस्टिक आहे. १९५३ साली जर्मनीत हेर्मान श्नेल यांनी आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी ते आपापले शोधून काढले. ते काचेसारखे पारदर्शक असते, म्हणजे त्यातून आरपार दिसते. वजन मात्र काचेच्या निम्मे. काचेवर दगड बसला की ती फुटते, कारण तिला लवता येत नाही. हा पत्रा लवतो आणि मार पचवतो. म्हणून पोलिसांच्या पारदर्शक ढाली याच्या करतात. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, तेव्हा त्याच्या डोक्यावरचा पारदर्शक टोपही याच प्लॅस्टिकचा होता.

पत्रा महाग असतो. तेव्हा बसवताना गवंडी-सुतारावर सगळे सोपवू नका. स्वतः उभे राहा. पत्र्याच्या एका अंगाला उन्हापासून बचाव करणारा थर असतो. त्या अंगाच्या कागदावर तसे छापलेले असते. आता तुम्हांला वाचता येते, तेव्हा ते वाचून पाहा. ते अंग आकाशाकडे हवे. उलटे बसले तर पत्रा लवकर पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. पैसे पाण्यात! बसवून झाले की तो कागद काढून टाकावा. उन्हात राहिला तर चिकटून बसतो.

दुसरी गोष्ट भोकांची. उन्हाने हा पत्रा लोखंडी पत्र्याच्या सुमारे पाचपट वाढतो. दहा फुटी पत्रा थंडीच्या पहाटे आणि उन्हाळ्याच्या दुपारी मोजला, तर आठ-नऊ मिलिमीटरचा फरक पडू शकतो. म्हणून भोक स्क्रूपेक्षा मोठे पाडावे, वर रबरी वायसर घालावा आणि स्क्रू फार आवळू नये. वाढायला जागा नसली तर पत्रा फुगतो, भोकापाशी चिरतो आणि मग पावसाळ्यात घर गळते.

कोणी म्हणतात, सबंध गोठाच याने झाकू. मला ते पटत नाही. उजेडाबरोबर ऊनही आत येते. जनावरे उकडून निघतील. दोन-तीन पत्रे पुरेत. चुलीच्या धुराड्याजवळ तर नकोच. सुमारे १५० अंश उष्णतेला तो मऊ पडतो.

धुण्यासाठी साबणाचे पाणी आणि मऊ फडके घ्यावे. राख किंवा घासणी लावली तर ओरखडे पडून उजेड कमी होतो. पेट्रोल, थिनर लावले तर बारीक चिरा पडतात.

धुवायला वर चढाल, तेव्हा जपा. दगडाने फुटत नाही म्हणून पत्रा माणसाला पेलेल, असे मुळीच नाही. जुना झाला की तो पायाखाली मोडतो. धूळ बसली की लोखंडी पत्रा कोणता आणि हा कोणता, ते वरून कळतही नाही. अशाने माणसे खाली पडून जिवाला मुकली आहेत. पोरांना छपरावर चढू देऊ नये. मोठ्यांनीही पत्र्यावर पाय देऊ नये. दोन वाशांवर जाड फळी आडवी टाकावी, तिच्यावर बसून काम करावे आणि शिडी धरायला खाली एक माणूस उभा ठेवावा.