स्टेंट उकळत का नाहीत?

प्रश्न : गेल्या महिन्यात वडिलांना औषधी स्टेंट बसवला. आमच्या लहानपणी गावातले डॉक्टर सुया उकळून घेत. स्टेंटचं तसंच करतात का? खोक्यावर 'स्टेराइल'शेजारी चौकटीत 'ईओ' छापलं होतं, ते काय?
— एक वाचक, निफाड

उत्तर : स्टेंट उकळत नाहीत, आणि त्याला कारण धातू नव्हे, त्यावरचा लेप. हा लेप साधारणपणे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाइतका असतो. औषध त्यातच मुरवलेलं असतं आणि ते आठवडे, महिने हळूहळू झिरपायचं असतं.

काही स्टेंटवर हा लेप पीएलजीए या पॉलिमरचा असतो, म्हणजे विरघळणाऱ्या टाक्यांच्याच कुळातला. तो पाण्याने तुटतो आणि शेवटी त्याचं लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्ल होतं. लॅक्टिक म्हणजे दह्यातलंच. 45 ते 55 अंशांच्या आसपास तो मऊ पडू लागतो. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच : 121 अंशांची वाफ, किमान 15 मिनिटं. मी एकदा वरणाच्या भांड्यावर चुकून प्लास्टिकचं झाकण ठेवून कुकर लावला होता. शिट्ट्या झाल्यावर पापडासारखं वाकडं झालेलं झाकण निघालं. लेपाचं तर त्याहून वाईट होईल, कारण उष्णतेबरोबर पाणीही त्याच्या साखळ्या तोडणार. तुटक्या साखळ्यांचा लेप लवकर झिजतो आणि औषधाचं वेळापत्रक कोलमडतं.

मग गॅमा किरण? तुमच्या शेजारी लासलगावला कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून ते देतात. वैद्यकीय वस्तूंसाठी प्रचलित मात्रा 25 किलोग्रे. कांद्याला तिचा शंभरावा हिस्साही लागत नाही. एवढ्या माऱ्यात जंतूंचा डीएनए तुटतो तशा पीएलजीएच्या साखळ्याही तुटतात.

किरणांचा धडा हाडांच्या डॉक्टरांनी आधीच गिरवला होता. जॉन चार्नली यांनी 1962 पासून कृत्रिम खुब्यात वापरलेली पॉलिथिलीनची वाटी पुढे अनेक वर्षं हवाबंद न करताच गॅमाने निर्जंतुक होत असे. किरणांनी तुटलेल्या साखळ्यांची मोकळी टोकं मागे राहत आणि हवेतला ऑक्सिजन त्यांना सावकाश खाई. वाटी नुसती कपाटात पडून म्हातारी होई : पृष्ठभागाखाली पांढरट, ठिसूळ पट्टा. नव्वदच्या दशकात पाकिटातली हवा काढून नायट्रोजन भरण्याकडे कल वळला. गंमत म्हणजे पुढे त्याच किरणांची जास्त मात्रा मुद्दाम देऊन, साखळ्या एकमेकींत गुंतवून आणि नंतर तापवून मोकळी टोकं मिटवून, कमी झिजणारी वाटीही तयार झाली. म्हणून किरण वाईट असं सरसकट म्हणू नये. पॉलिमर कोणता ते आधी बघावं.

तुमचा 'ईओ' म्हणजे इथिलीन ऑक्साइड. हा वायू साधारण 40 ते 60 अंशांत काम करतो आणि पाकिटाच्या श्वास घेणाऱ्या कागदासारख्या बाजूने आत शिरून जंतूंची प्रथिनं व डीएनए निकामी करतो. त्याला थोडी दमट हवा लागते, आणि ओल मुरली की लेप आणखी कमी तापमानाला मऊ पडतो. त्यामुळे ऊब, ओल आणि वेळ यांचं गणित काटेकोर जुळवावं लागतं. वायू स्वतः विषारी, कर्करोगकारक. पॉलिमरमध्ये मुरलेला अंश मर्यादेखाली येईपर्यंत माल खेळत्या हवेत ठेवतात, आणि मगच तो पुढे जातो.

खोकं जपून ठेवलं असेल तर आणखी एक खूण शोधा : गोलात तिरकी काट मारलेला 2. म्हणजे एकदाच वापरायची वस्तू, धुऊन-वाफवून पुन्हा नाही.