जबडा नसलेला मासा आणि आपल्या पांढऱ्या पेशी

रक्ततपासणीच्या कागदावर ‘लिम्फोसाइट’ हा शब्द आपण वाचला असेल. ‘डॉक्टर, हे काय असते?’ असे रुग्ण मला विचारतात. या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. त्यांच्यात दोन मुख्य जाती आहेत. बी पेशी जंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार करून रक्तात सोडतात. टी पेशी छातीतील थायमस ग्रंथीत तयार होतात. त्यांतील काही रोगग्रस्त पेशींना गाठून मारतात, तर काही बी पेशींना मदत करतात. हा भेद मॅक्स कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली कोंबड्यांवरील प्रयोगांतून दाखवला.

ही कामाची वाटणी किती जुनी असावी? याचे उत्तर लॅम्प्रे नावाच्या माशाने दिले. हा वाम माशासारखा लांबट, पण जबडा नसलेला. त्याच्या अनेक जाती गोल तोंडाने दुसऱ्या माशाला चिकटून रक्त शोषतात. त्याची आणि आपली वंशशाखा सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली.

लॅम्प्रेला जंतू ओळखता येतात, परंतु त्याच्यात आपल्यासारखी प्रतिपिंडे नाहीत. २००४ साली कूपर, झीव पॅन्सर आदींना त्याचे गुपित सापडले. तो त्याच कामासाठी अगदी वेगळ्या घडणीची प्रथिने वापरतो. २००९ साली आढळले, की त्याच्याही लिम्फोसाइट दोन प्रकारच्या आहेत. एक प्रकार ही प्रथिने बी पेशींप्रमाणे बाहेर सोडतो, दुसरा टी पेशींप्रमाणे स्वतःच्या अंगावरच बाळगतो. २०११ साली लॅम्प्रेच्या पिलांच्या कल्ल्यांत थायमससारख्या जागाही सापडल्या.

थोडक्यात, हत्यारे निराळी, पण कामाची वाटणी तीच. दोन्ही शाखांच्या समान पूर्वजातच ती सुरू झाली असावी.

दोहोंपैकी एक फळी कोसळली की काय होते, ते आम्ही डॉक्टर पाहतो. एचआयव्ही मदतनीस टी पेशी नष्ट करतो. मग बी पेशी असूनही त्यांचे काम बिघडते व क्षयासारखे रोग डोके वर काढतात. उलट, जन्मतः बी पेशी नसलेल्या बालकाला न्यूमोनिया, कान फुटणे असे आजार वारंवार होतात.

म्हणून ‘ताकदीचे औषध’ मागण्यापूर्वी एवढे करा. मुलाला वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होत असेल, तर त्याची प्रतिकारशक्ती तपासून घ्या. एचआयव्हीची शंका असल्यास चाचणी करा आणि औषधे सुरू झाल्यास ती मध्येच सोडू नका.