मोती हरवला तर?

मुलांनो, खेड्यातल्या घरी कुत्रा हा केवळ हौसेचा प्राणी नसतो. रात्री गोठ्याची राखण तो करतो. शेळ्या रानात नेल्या, की त्यांच्या मागेपुढे तोच धावतो. घरचा माणूस शेतावर मुक्कामाला गेला, तर सोबतीला तोच असतो. उर्दूत ज्याला तुम्ही वफादार म्हणता, त्याला मराठीत ‘इमानी’ म्हणतात.

असा हा इमानी राखणदार एके दिवशी दिसेनासा झाला तर? समजा, त्याचे नाव मोती आहे. समजा, तुमचे गाव पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात आहे. चहूकडे उसाचे फड, मधून वाहणारा ओढा आणि दूरवर डोंगर. एवढ्या मोठ्या शिवारात मोतीला शोधायचे कोठे आणि कसे?

घाबरून लगेच धावत सुटू नका. आधी थोडा विचार करा. मोतीला शेवटी कोणी पाहिले? केव्हा पाहिले? तो कोणत्या दिशेने गेला? कुत्रा उगाच घर सोडत नाही. दिवाळीचे किंवा वरातीचे फटाके वाजले, वळवाच्या पावसात वीज कडाडली, की तो भेदरून पळतो. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला त्याच्या दुपटीपेक्षा अधिक, म्हणजे सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्याचे कान आपल्यापेक्षा फार तिखट असतात. म्हणून जो आवाज आपल्याला गंमत वाटतो, तो त्याला संकट वाटतो. कधी तो सशामागे धावतो आणि वाट चुकतो. कधी मेंढपाळांच्या कुत्र्यांबरोबर निघून जातो. दिवाळीनंतर अनेक मेंढपाळ आपले कळप घेऊन कोकणाच्या दिशेने जातात. त्यांचा वाडा गावाजवळ उतरला होता का, हे आठवून पाहा.

कारण कळले, की शोधाची दिशा कळते. फटाक्यांना भ्यालेला कुत्रा अडचणीच्या जागी लपून बसतो. कडब्याची गंजी, पडका गोठा, ओढ्यावरच्या मोरीतील नळ्या, बैलगाडीची खालची बाजू, या जागा आधी पाहा. मेंढपाळांबरोबर गेलेला कुत्रा मात्र गावात सापडणार नाही. त्यासाठी वाड्याच्या वाटेवरील पुढच्या गावी निरोप धाडावा लागेल.

शोधायला सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, पण उजेड असताना जा. भर दुपारी कुत्रा सावलीत निपचित पडून राहतो. थोडे चाला, थांबा, हाक मारा आणि मग गप्प राहून ऐका. पुष्कळ जण हाका मारतात, पण ऐकत नाहीत. अडकलेल्या कुत्र्याचे कण्हणे फार क्षीण असते. ते चालता चालता ऐकू येत नाही.

विहिरींकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे शेतातील कितीतरी विहिरींना कठडा नसतो. रात्री धावणारे जनावर तीत पडते. विहिरीत कुत्रा दिसला, तरी स्वतः खाली उतरू नका. पळत जाऊन मोठ्या माणसांना बोलवा. बाजेच्या चारही पायांना दोर बांधून ती खाली सोडतात. जनावर तिच्यावर चढून बसले, की सगळे मिळून सावकाश वर ओढतात. विहिरीत पडलेल्या बिबट्यालाही अशीच बाज सोडून आधार दिल्याची उदाहरणे आहेत.

आता बिबट्याविषयी. जुन्नरच्या उसात बिबटे राहतात, हे सर्वांना ठाऊक आहे. जवळच माणिकडोह येथे बिबट्यांसाठी निवारा केंद्रही आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच आढळला. म्हणून मोतीवर तुमचे कितीही प्रेम असले, तरी तिन्हीसांजेनंतर उसाच्या फडात पाऊल टाकू नका. एकट्याने तर मुळीच जाऊ नका. बिबट्याच्या पावलांचे ठसे दिसले, तर मागे फिरा आणि वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा. एका जिवाच्या शोधात दुसरा जीव धोक्यात घालणे शहाणपणाचे नाही.

तुमचे दोन डोळे सारे शिवार पाहू शकत नाहीत. म्हणून इतरांचे डोळे मदतीला घ्या. पहाटे दूध घालायला जाणारा, गुराखी, एसटीचा वाहक, पोस्टमन, ऊसतोडणी कामगार, ही माणसे रोज त्याच वाटेने जातात. नवे कुत्रे दिसले, की त्यांच्या लगेच लक्षात येते. त्यांना नम्रपणे विचारा : “काका, कान पडलेला, तांबूस रंगाचा कुत्रा कुठे दिसला का हो?” नुसते “आमचा कुत्रा पाहिला का?” असे विचारले, तर ते बिचारे काय सांगणार?

येथे तुम्हांला मराठीचा उपयोग होईल. दूध डेअरी, किराणा दुकान, ग्रामपंचायत आणि एसटी थांबा येथे एक सूचना लावा. ती मराठीत लिहा. वस्तीत उर्दू वाचणारे लोक असतील, तर खाली उर्दूतही लिहा. सूचना अशी असावी :

कुत्रा हरवला आहे
नाव : मोती. रंग : तांबूस, छातीवर पांढरा डाग.
खूण : डावा कान किंचित फाटलेला. गळ्यात निळा पट्टा.
सोमवारी संध्याकाळी ओढ्याजवळ शेवटचा दिसला.
तो घाबरलेला असेल. कृपया त्याचा पाठलाग करू नये, दगड मारू नये. दिसल्यास ताबडतोब कळवावे.

शेवटी घरातील मोठ्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक लिहा. ‘पाठलाग करू नये’ ही ओळ विसरू नका. भेदरलेला कुत्रा माणसे मागे लागली, की आणखी दूर पळतो.

घराचे अंगणही रिकामे ठेवू नका. मोतीची नेहमीची गोणपाटाची चवड आणि पाण्याचे भांडे जागेवरच असू द्या. कुत्र्याचे नाक फार तल्लख असते. घरचा वास आला, तर तो रात्रीच्या शांततेत आपणहून परतण्याचा संभव असतो.

मोती दिसला, तर आनंदाने त्याच्या अंगावर धावून जाऊ नका. दोनतीन दिवस उपाशी आणि घाबरलेला कुत्रा आपल्या माणसालाही चटकन ओळखत नाही. जमिनीवर बसा. त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नका. हळू आवाजात नाव घ्या, भाकरीचा तुकडा पुढे ठेवा आणि त्याला येऊ द्या. घरी आणल्यावर पशुवैद्यांना दाखवा.

शोधताना एखादा कुत्रा चावला, तर ते घरी लपवू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच आरोग्य केंद्रात जा. रेबीज हा रोग जडला, तर माणूस सहसा वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली, तर तो टळतो. १८८५ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी कुत्रा चावलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला ही लस दिली आणि तो मुलगा वाचला.

मुलांनो, प्रत्येक हरवलेला कुत्रा सापडतोच असे नाही. आठ दिवस शोधूनही मोती मिळाला नाही, तर वाईट वाटेल. पण तुम्ही त्याला विसरला नाहीत, हे समाधान राहील. मुके जनावर आपल्या भरवशावर राहते. त्याला दरवर्षी लस टोचणे, गळ्यात पट्टा बांधणे, फटाक्यांच्या रात्री घरात घेणे, ही त्या भरवशाची परतफेड आहे. आणि उद्या दुसऱ्या कोणाचा कुत्रा तुमच्या दारात येऊन बसला, तर त्याला हाकलू नका. त्याला पाणी द्या आणि गावात चौकशी करा. कोणीतरी त्याच्या नावाने हाका मारीत फिरत असेल.

शब्दार्थ
राखण – रखवाली. शिवार – गावाची शेतजमीन. फड – उसाचे शेत. गंजी – कडब्याची रचलेली रास. बाज – खाट. वाडा – (येथे) मेंढपाळांचा तळ. तिन्हीसांज – सूर्यास्ताची वेळ. क्षीण – कमजोर. परतफेड – घेतलेले परत देणे.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘इमानी’ या शब्दाला उर्दूत काय म्हणतात?
(आ) भर दुपारी कुत्रा का सापडत नाही?
२. कारणे द्या.
(अ) हाक मारल्यावर थांबून ऐकावे.
(आ) सूचनेत ‘पाठलाग करू नये’ असे लिहावे.
३. तुमची शेळी हरवली आहे, अशी कल्पना करून मराठीत सूचना तयार करा.