लांबच्या गावाला उजेड न्यायचा तर

बाळा, कारंज्याहून खेड्यांकडे फायबर ओढायचं काम तू घेतलंस, मला फार बरं वाटलं. २०११ च्या ऑक्टोबरात केंद्राने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क मंजूर केलं, पुढे त्याचंच भारतनेट झालं. तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत काच, आणि वाटेत कुठेही वीज नको, ही त्यातली खरी कमाई. ती घालवू नकोस. नवं यंत्र घ्यायच्या आधी हातातला उजेड राखायला शीक.

१. केबलचा ड्रम उतरवण्याआधी वहीत हिशेब मांड — बी-प्लस मॉड्यूलवर ओएलटीपासून (आपल्याकडचं यंत्र) ओएनटीपर्यंत (ग्राहकाकडचं यंत्र) २८ डीबी उजेड खर्चायला मिळतो, आणि काच किलोमीटरमागे साधारण ०.३५ खाते.

२. लांबच्या गावाला १:३२ चा स्प्लिटर लावू नकोस — भाकरीचे वाटे वाढले की घास लहान होतो. १:३२ मध्ये सुमारे साडेसतरा डीबी जातात, १:१६ मध्ये चौदा. जोड-कनेक्टरांना दोन आणि पुढच्या दुरुस्त्यांना तीन राखलेस, तर पहिल्यात पंधरा किलोमीटर मिळतात, दुसऱ्यात पंचवीस. घरं निम्मी झाली म्हणून हळहळू नकोस, त्या दहा किलोमीटरांत एखादं अख्खं गाव बसतं.

३. रस्त्याला लागून एकापुढे एक वस्त्या असतील तर ९०:१० चा कपलर वापर — दहा टक्के गावात उतरतात आणि पुढे जाणाऱ्या उजेडाचा अर्धा-पाऊण डीबीच कमी होतो.

४. ग्राहकाच्या घरी मीटर छान दिसला म्हणून लगेच गाडीला किक मारू नकोस — येणारा उजेड १४९० नॅनोमीटरचा, परतीचा १३१० चा, आणि परतीचाच काचेत जास्त झिजतो. ओएलटीवर त्या घराकडून किती पोचतंय, ते विचारूनच निघ.

५. प्रत्येक कनेक्टर जोडण्याआधी पूस, टोपी खिशात ठेव, आणि हिरवा निळ्यात खुपसू नकोस — धूळ डोळ्यांना दिसत नाही, मीटरला दिसते.

६. घाईचा जोड, रात्रीची ओढ! स्प्लाइस ०.१ डीबीच्या वर गेला तर तोडून पुन्हा कर — दहा जोडांत असं थोडं-थोडं सोडलंस की दोन-तीन किलोमीटर बसल्या जागी गेले.

७. खांबावरचं वेटोळं मोठं ठेव, भिंतीच्या कोपऱ्यात काच दुमडू नकोस — घट्ट वळणावर उजेड बाहेर सांडतो.

८. नागपूर-अमरावती रस्त्याकडेला किंवा संत्र्याच्या बागेजवळ केबल पुरलीस तर खुणेचा दगड लाव, बागवानाला आणि जेसीबीवाल्याला स्वतः जाऊन दाखव — ओळखीचा माणूस आधी फोन करतो, मग खणतो.

९. तरीही अंतर पुरेना, तर आधी सी-प्लस मॉड्यूल बघ — ३२ डीबी मिळतात, आणि वरचे चार म्हणजे अकराएक किलोमीटर. पण ओएलटीजवळच्या घरात -८ डीबीएमहून जास्त उजेड पडू देऊ नकोस, तिथे अटेन्युएटर लाव.

१०. वाटेतला वर्धक अगदी शेवटी — जी.९८४.६ या २००८ च्या मानकाने साठ किलोमीटरपर्यंत वाट मोकळी केली आहे खरी, पण वर्धकाला वीज लागते. भारनियमनात बॅटरी कोण सांभाळणार, हे गावात ठरल्याशिवाय तो बसवू नकोस.

११. एका पोर्टवर अगदी जवळचं आणि अगदी लांबचं घर घेऊ नकोस — दोघांतलं अंतर वीस किलोमीटरांच्या आत असावं, एरवी ओएलटीला त्यांची वेळ जुळवता येत नाही.

१२. पैसा असेल तेव्हा दुसऱ्या दिशेनेही वाट काढ — भारतनेटच्या २०२३ च्या सुधारित आराखड्यातही ग्रामपंचायती रिंगने जोडायच्या ठरल्या, म्हणजे एक बाजू तुटली तरी गाव चालू राहतं.

१३. आणि फायबरच्या टोकात कधीही डोकावू नकोस बाळा — तो उजेड दिसत नाही, म्हणून डोळा मिटतही नाही.