उशाची फळी

इटियाडोहचे धरण गाढवी नदीवर आहे. त्या भागातल्या जंगलात काटेसावरीची झाडे असतात. उन्हाळ्यात सावरीची बोंडे फुटतात. आतला कापूस मऊ आणि हलका असतो. त्याचे सूत निघत नाही. उशीत भरायला मात्र तो फार चांगला.

घरात म्हातारे माणूस आहे? बाळंतीण आहे? त्यांना पलंगावर टेकून बसावे लागते. उशाची लाकडी फळी पाठीला रुतते. पावसाळ्यात भिंतही ओली असते. म्हणून फळीला गादी करा.

फळी दोरीने मापा. जुन्या लुगड्याची दुपदरी पिशवी शिवा. कापूस उन्हात वाळवा, बिया काढा, मग भरा. सावरीचा नसेल तर जुन्या गादीचा पिंजून घ्या. चार-चार बोटांवर आरपार टाके घाला. टाके नसले तर कापूस खाली बसतो आणि वर नुसते कापड राहते. वरून अभ्रा चढवा.

गादी खिळ्यांनी ठोकू नका. ठोकलेली छान दिसते खरी. पण आत ढेकूण शिरले तर काढाल कसे? चारी कोपऱ्यांना नाड्या लावा, फळीमागे गाठ मारा. नाडी सोडली की गादी उन्हात टाकता येते. अभ्रा कढत पाण्यात घाला. फळीच्या फटींतही कढत पाणी ओता, ढेकणांची अंडी तिथेच असतात.

एक सांभाळा. हा कापूस भुर्रकन पेटतो. उशाशी चिमणी, बिडी किंवा डासांची उदबत्ती ठेवू नका.