दारात उभा होता तो कोण?

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १२:१-१७



या अध्यायाच्या भाषांतराचा मसुदा मी एकदा खेड्यातील एका वृद्ध भगिनीला वाचून दाखवीत होतो. पंधराव्या वचनाशी तिने मला थांबवले व विचारले, "म्हणजे पेत्र तुरुंगातच मेला होता का?" हा प्रश्न भाबडा नाही. त्याचे उत्तर आपण शास्त्रातून शोधू या.

१. प्रसंग

हेरोद अग्रिप्पा पहिला (मृत्यू इ. स. ४४) याने योहानाचा भाऊ याकोब याला तरवारीने मारले व पेत्राला सोळा शिपायांच्या पहाऱ्यात ठेवले. मंडळी मरीयेच्या घरी प्रार्थना करीत होती. त्याच रात्री दिंडी दरवाजा वाजला. रुदा नावाच्या मुलीने पेत्राचा आवाज ओळखला आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच ती आत धावली. घरातल्यांनी प्रथम तिला वेड्यात काढले. ती ठामच राहिली तेव्हा म्हणाले, तो त्याचा दूत असेल.

२. समजूत

मूळ ग्रीक शब्द 'आंगेलोस' याचा अर्थ निरोप्या असाही होतो. पण निरोप्या आला असता तर रुदाने पेत्राचा आवाज कसा ओळखला असता? म्हणून माणसाचा रक्षक दूत त्याचेच रूप व आवाज धारण करतो, अशी समजूत येथे दिसते, असे अनेक अभ्यासक मानतात. दूत मानवी रूप घेतो ही कल्पना जुनीच आहे. तोबीतच्या पुस्तकात रफाएल दूत अजऱ्या नावाच्या मनुष्याच्या रूपाने प्रवासात सोबत करतो.

जिवंत माणसाच्या प्रतिरूपाविषयी इतर लोकांतही अशा समजुती आढळतात. नॉर्वेत 'वार्डोगर' म्हणून मानतात. माणूस घरी पोहोचण्यापूर्वीच त्याची पावले व दाराचा आवाज ऐकू येतो. आयर्लंडमध्ये असे प्रतिरूप सकाळी दिसले तर दीर्घायुष्य, सायंकाळी दिसले तर मरण. आपल्याकडेही ओळखीच्या आवाजात रात्री हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, असे वडीलधारी माणसे सांगत. त्या भगिनीच्या मनात हेच भय होते. शिवाय आपल्या कानाला 'दूत' म्हटले की यमदूतही आठवतो.

३. शास्त्र काय शिकवते?

लोक काय बोलले हे लूक प्रामाणिकपणे नोंदवतो. परंतु ते बोलणे ही शास्त्राची शिकवण नव्हे. मत्तय १८:१० मध्ये लहानांचे दूत स्वर्गीय पित्याचे मुख पाहतात असे प्रभू सांगतो. ते त्या लहानांसारखे दिसतात, असे तो म्हणत नाही. याच अध्यायात खरा देवदूतही आहे. त्याने पेत्राला जागे केले, लोखंडी दरवाजापार नेले आणि मग तो निघून गेला (वचन १०). दारात उभा होता तो पेत्रच. पुनरुत्थित प्रभूला पाहूनही शिष्यांना भूत भासले. तेव्हा त्याने आपले हातपाय दाखवले व त्यांच्यासमोर मासा खाल्ला (लूक २४:३६-४३).

४. आपल्यासाठी बोध

त्या मंडळीला हसू नका. याकोबाच्या मरणाची जखम ताजी होती. त्याच्यासाठी दार उघडले नव्हते. तरीही, ज्याच्यासाठी ते कळकळीने प्रार्थना करीत होते तो सुटून आला आहे, यापेक्षा त्याचे प्रतिरूप आले आहे हे त्यांना सोपे वाटले. भय असेच करते. दाराशी आलेले उत्तरही ते आपल्याला छाया म्हणून दाखवते. एका लहान मुलीने मात्र ऐकले तसे सांगितले, आणि पेत्र दार वाजवीतच राहिला.

मी त्या भगिनीला म्हणालो, "नाही मावशी, तो जिवंत होता, आणि बाहेर ताटकळत उभा होता."

चिंतनासाठी :
(१) रात्रीच्या हाकेचे कोणते भय तुमच्या घरात अजून पाळले जाते?
(२) ज्याची आशा तुम्ही सोडली आहे, अशा कोणासाठी तुम्ही आजही प्रार्थना करता का?